भाड्याच्या घरात काही मोडलं, तर भरपाई कुणी द्यायची आणि किती?

कोथरूडच्या आमच्या भाड्याच्या घरात स्वयंपाकाच्या ओट्याला एक तडा होता. सिंकच्या कोपऱ्यातून निघून शेगडीखाली शिरणारा, केसाएवढा. काळ्या ग्रॅनाइटवर एरवी तो दिसायचाच नाही. भाकऱ्या थापून झाल्यावर ओटा पुसला की त्यात पीठ अडकून पांढरी रेघ उमटायची. राहायला आल्यावर पंधरा दिवसांनी मला तो पहिल्यांदा दिसला आणि ‘असेल जुना’ म्हणून मी सोडून दिला. अडीच वर्षांनी घर सोडताना मालककाकांनी नेमकं त्याच रेघेवर बोट ठेवलं आणि डिपॉझिटमधून बावीस हजार रुपये कापून घेतले. तडा आमचा नव्हता, पण तसं सांगणारा एक फोटो नाही, एक मेसेज नाही. काका खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. आम्ही ओट्यावर नारळ फोडले असणार, अशी त्यांची खरोखरच समजूत होती.

त्यानंतर मी कायदा वाचायला घेतला. पुढे नात्यातल्या आणि ओळखीच्या बऱ्याच जणांचे करार वाचून दिले, घर घेताना आणि सोडताना त्यांच्याबरोबर उभी राहिले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. नुकसानभरपाईचा वाद घर सोडताना पेटतो, पण त्याचा निकाल किल्ली हातात घेतो त्या दिवशीच अर्धा लागलेला असतो. कारण कायद्याची मागणी एवढीच आहे की घर जसं घेतलं तसं परत द्या. ते ‘जसं’ कसं होतं, हे ज्याला दाखवता येतं त्याची बाजू भक्कम.

हा लेख मुख्यतः महाराष्ट्रातल्या भाडेकरूंसाठी आहे. मालकांनाही उपयोगी पडेल.

आधी ठरवा: तुम्ही भाडेकरू की लायसन्सी?

बोलताना आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो, पण कायद्याच्या लेखी दोन निराळे प्रकार आहेत. पुण्या-मुंबईत आज अकरा महिन्यांचा जो करार होतो तो बहुतेक वेळा लीव्ह अँड लायसन्सचा असतो. त्यात घरावर कुठलाही हक्क तयार होत नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते. ती ज्याला मिळते तो लायसन्सी. या परवानगीची व्याख्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. दुसरा प्रकार खऱ्या भाडेकरूचा: जुन्या चाळी, वाडे, पागडीची घरं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली दुकानं. त्यांना १८८२ चाच मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू होतो. हा दुसरा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याने १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याची जागा घेतली.

हा फरक महत्त्वाचा का? लायसन्सीला नुकसानाची झळ साधारण पैशात बसते. जुन्या भाडेकरूचं घरच जाऊ शकतं.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ हा या सगळ्याचा पाया. त्याचा खंड ‘एम’ सांगतो की ताबा घेताना मालमत्ता ज्या चांगल्या स्थितीत होती त्याच स्थितीत ती ठेवायची आणि परत करायची. यातून दोनच गोष्टींची सूट आहे: वाजवी वापराने होणारी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या शक्तीने झालेला बदल. याच खंडानुसार मालकाला वाजवी वेळी येऊन घर पाहता येतं आणि दोष दिसला तर नोटीस देता येते. तो दोष भाडेकरूच्या, त्याच्या नोकराच्या किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या कृतीमुळे वा हयगयीमुळे झाला असेल, तर नोटिशीनंतर तीन महिन्यांच्या आत तो दुरुस्त करून देणं बंधनकारक आहे. म्हणजे तुम्ही बोलावलेल्या सुताराने खिडकीची काच फोडली तरी मालकापुढे जबाबदार तुम्हीच. सुताराकडून वसूल करायचं ते तुम्ही.

खंड ‘ओ’ अधिक कडक आहे. शहाणा माणूस स्वतःची वस्तू वापरेल तशी ही मालमत्ता वापरा, ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरा, इमारत पाडू नका, तिची नासधूस करू नका, तिला कायमची इजा होईल असं काही करू नका, असा त्याचा आशय आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ ने याच खंड ‘ओ’ला हत्यार बनवलंय. भाडेकरूने त्याच्याविरुद्ध काही केलं, तर मालक घर खाली करून मागू शकतो.

लायसन्सीला मात्र करारातली कलमं आणि १८७२ चा भारतीय करार कायदा लागू पडतो. त्यातलं कलम ७३ म्हणतं की करार मोडल्याने जो तोटा सरळ आणि स्वाभाविकपणे झाला त्याची भरपाई द्या. दूरवरचा, अप्रत्यक्ष तोटा मागता येत नाही. कलम ७४ करारात आधीच लिहून ठेवलेल्या दंडाबद्दल आहे. त्याकडे पुढे येते.

पहिली पायरी: सही करण्याआधी करारातली पाच वाक्यं शोधा

एजंट तयार मसुदा आणतो आणि आपण फक्त नाव, भाडं आणि तारीख तपासतो. याउलट करा. नावगाव तो नीट लिहितोच. तुम्ही ही पाच वाक्यं शोधा.

एक, ‘सर्व वस्तू व फिटिंग सुस्थितीत मिळाल्या’ अशा अर्थाचं वाक्य. ते जवळजवळ प्रत्येक मसुद्यात असतं आणि त्याखाली सही केलीत की गिझर आधीपासूनच बंद होता हे तोंडी सांगून फारसं चालत नाही. वाक्य काढायला मालक तयार नसेल तर त्यालाच शेपूट जोडा: ‘सोबतच्या यादीत नमूद केलेल्या त्रुटी वगळून’.

दोन, झिजेची सूट. ‘वाजवी वापराने होणारी झीज वगळता’ हे शब्द लायसन्सच्या करारात असलेच पाहिजेत. कलम १०८ मधली सूट भाडेपट्ट्यासाठी आहे. लायसन्सीने ती आपल्या करारात लिहून घेतलेली बरी.

तीन, रंगाचे पैसे. ‘घर सोडताना एक महिन्याचं भाडं रंगरंगोटीसाठी कापलं जाईल’ असं असेल तर सही करण्याआधीच बोला. दोन वर्षं राहून भिंती स्वच्छ ठेवल्या तरी हे पैसे जाणार आहेत.

चार, दंडाची ठोक रक्कम. ‘कोणतंही नुकसान झाल्यास संपूर्ण अनामत जप्त’ असं लिहिलेलं असतं आणि वाचून माणूस हबकतो. इथे कलम ७४ कामाला येतं. करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच देतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच हे स्पष्ट केलंय. नळाची तोटी तुटली म्हणून लाखाचं डिपॉझिट गिळता येत नाही, मग करारात काहीही लिहिलेलं असो.

पाच, किल्ली आणि डिपॉझिट यांची अदलाबदल एकाच वेळी, एकाच बैठकीत होईल हे वाक्य. ते का हवं, ते घर सोडण्याच्या भागात सांगते.

आणि करार नोंदवून घ्या. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार असो वा लीव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय असा लेखी करार नसताना अटींबद्दल वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल ते धरलं जातं. नोंदणी टाळणाऱ्या मालकांना ही तरतूद जरूर दाखवा.

तीन-चार मित्र मिळून फ्लॅट घेत असाल तर आणखी एक. करार कायद्याच्या कलम ४३ नुसार, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, एकत्र सही करणाऱ्यांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागता येते. दार एकाने तोडलं आणि तो गावी निघून गेला, तर मालक मागे राहिलेल्याला गाठेल. बाकीच्यांकडून त्यांचा वाटा मागायचा हक्क त्याला असतो, पण आधी खिसा त्याचाच रिकामा होतो. आपापसात एक कागद करून ठेवा आणि मधेच कुणी खोली सोडली तर त्या दिवशीची स्थिती लिहून घ्या.

दुसरी पायरी: किल्ली घेण्याच्या दिवशी दोन तास काढा

सामान आत येण्याआधी. एकदा कपाटं आणि खोकी आली की भिंती झाकल्या जातात आणि ‘हा ओरखडा तुमच्याच कपाटाचा’ या आरोपाला उत्तर उरत नाही.

दिवसाउजेडी जा आणि खिडक्या उघडा. मुख्य दारापासून सुरुवात करून प्रत्येक खोली डावीकडून उजवीकडे, न थांबता, एका सलग व्हिडिओत घ्या. बोलत घ्या: ‘हॉल, खिडकीखाली ओल, रंगाचे पोपडे निघालेत.’ मग दोष दिसेल तिथे दोन फोटो, एक लांबून जागा कळावी म्हणून आणि एक जवळून, शेजारी नाणं किंवा मोजपट्टी ठेवून. ओट्यावर आणि गडद फरशीवर मी आता चिमूटभर पीठ भुरभुरवून ओल्या फडक्याने पुसते. तडे आपोआप बोलतात.

मग हात लावून पाहायच्या गोष्टी. प्रत्येक नळ पूर्ण सोडून बंद करा. फ्लश दोनदा ओढा. सिंकमध्ये पाणी भरून एकदम सोडा आणि खाली वाकून पाइपच्या जोडाला बोट लावा. प्रत्येक बटण, प्रत्येक प्लग चार्जर लावून तपासा. गिझर दहा मिनिटं चालवा. फर्निचर असलेलं घर असेल तर ड्रॉवर बाहेर काढून मागे वाळवीची माती आहे का पाहा. बिजागऱ्या, कडी-कोयंडे, लॅच, किल्ल्यांची संख्या आणि विजेच्या मीटरचं रीडिंग लिहा.

यावरून यादी करा. मालकाची सही तिच्यावर मिळाली तर उत्तम. नाहीच मिळाली तर त्याच दिवशी ईमेल करा: ‘आज ताबा घेतला, सोबत फोटो आणि त्रुटींची यादी.’ ईमेल का? व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दबून जातो आणि फोटो कधी काढला ही आतली माहिती निघून जाते. व्हॉट्सअ‍ॅपही करा, पण मूळ फाइल जपा, फोन बदलला तरी. न्यायालयात असा पुरावा द्यायचा झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फाइल असेल तर ते सोपं जातं.

पंधरवड्यात नवं काही सापडलं तर तेही लगेच कळवा. मी कळवलं नव्हतं.

तिसरी पायरी: राहताना

सगळ्यात जास्त पैसे न कळवल्यामुळे जातात. बाथरूमच्या भिंतीला ओल धरली, तुम्ही सहा महिने गप्प राहिलात आणि तोवर पलीकडच्या खोलीतलं लाकडी कपाट कुजलं. ओल तुमच्यामुळे नव्हती, पण कपाट वाचवता आलं असतं आणि तिथे तुमची हयगय दाखवली जाते. दोन ओळींचा मेसेज आणि फोटो पुरतो. ‘मालक उत्तर देत नाहीत’ हे कारण होऊ शकत नाही. पाठवल्याची नोंद तुमच्याकडे राहते आणि तीच हवी असते.

दुरुस्ती कुणी करायची? खऱ्या भाडेकरूसाठी भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ आहे. उलट करार नसेल तर घर राहण्यायोग्य ठेवणं मालकाचं काम. तो करत नसेल तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो; मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. लायसन्सीने या कलमावर विसंबून भाडं कापू नये. त्याने करार पाहावा आणि मालकाची लेखी संमती घ्यावी.

करारात काहीच नसेल तर बोलणी करायला एक चांगला नमुना आहे: केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरार कायदा. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही, पण त्याच्या दुसऱ्या अनुसूचीतली वाटणी समंजस आहे. इमारतीची मुख्य दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणं आणि वायरिंग मालकाकडे. नळ आणि त्यांचे वॉशर, तुंबलेली मोरी, संडास-बेसिनची किरकोळ दुरुस्ती, गिझर, बटणं, कुलुपं, खिडकीच्या काचा, डासांच्या जाळ्या भाडेकरूकडे. भाडेकरूमुळे झालेलं मोठं नुकसान अर्थातच भाडेकरूकडे.

वर उल्लेख केला त्या कलम १६ मध्ये दुसरी एक तरतूद आहे, ती जुन्या घरांतल्या लोकांनी पाठच करावी. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायम स्वरूपाचं बांधकाम केलं तर घर खाली करावं लागू शकतं. लेखी हा शब्द महत्त्वाचा. वाड्याच्या मालकांनी २०-२५ वर्षांपूर्वी ओसरीवर बसून ‘घे रे बांधून’ म्हटलेलं असतं. आता त्यांची मुलं किंवा नवा खरेदीदार कोर्टात उभा राहतो आणि ती संमती कुठेच सापडत नाही. कायद्याने काही कामं मात्र स्पष्टपणे बाजूला ठेवली आहेत: लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा, दार, जाळीकाम, हवेसाठी लागणारी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, एक्झॉस्ट, धुराडं. जिथे महापालिकेची परवानगी लागते तिथे ती घेऊन ही कामं केली तर ती कायम बांधकाम धरली जात नाहीत. पण दोन खोल्यांमधली भिंत पाडणं, स्लॅब टाकून पक्का पोटमाळा करणं, गॅलरी विटांनी बंद करणं, यांना हात लावण्याआधी सहीचा कागद हवाच. वाद झाला तर न्यायालय पाहतं की काम कशासाठी केलं, इमारतीला किती पक्कं जोडलं आणि इमारतीला इजा न करता ते काढता येतं का.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये ड्रिल मारायचं असेल तरी एक मेसेज टाका. टाइलवर मारू नका. दोन टाइलमधल्या सांध्यात मारा. भोक बुजवता येतं. टाइल मात्र बदलावीच लागते, आणि त्या रंगाची मिळत नाही म्हणून वाद सगळ्या भिंतीवर जातो.

चौथी पायरी: काही झालंच, तर पहिले दोन दिवस

समजा वॉशिंग मशिनचा पाइप सुटला. पाणी तुमच्या घरात घोटाभर आणि खालच्यांच्या फॉल्स सीलिंगमधून टपटपतंय. आधी मुख्य व्हॉल्व्ह आणि मेन स्विच बंद करा. फोटो काढा, पाइपच्या सुटलेल्या टोकाचाही. मालकाला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला कळवा. प्लंबरला कारण बिलावर लिहायला सांगा: ‘क्लॅम्प ढिला’, ‘मशिनचा पाइप फाटला’, ‘भिंतीतला जुना पाइप गळका’. जबाबदारी या एका ओळीवर ठरते.

क्लॅम्प तुम्ही बसवला असेल तर खालच्या शेजाऱ्यांशी तुमचा कुठलाही करार नसला तरी निष्काळजीपणाबद्दल ते तुमच्याकडेच भरपाई मागू शकतात. भिंतीतला पाइप गंजला असेल तर तो मालकाचा विषय. पावसाचं पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येत असेल, सामायिक पाइप गळत असेल, तर गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, दुरुस्ती सोसायटीकडे जाते. इमारत नवी असेल आणि दोष बांधकामातलाच असेल, तर रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षं बिल्डर दोष दूर करायला बांधील आहे. मालकाने तिकडे जावं. अशा वेळी घाबरून ‘आमच्याकडून झालं, आम्ही भरतो’ असं लिहून बसू नका. ‘पाणी बंद केलंय, कारण तपासतोय’ एवढं लिहा. प्रामाणिकपणा आणि घाईची कबुली या वेगळ्या गोष्टी आहेत.

आगीच्या नुकसानाचा आकडा मोठा असतो. मालकाचा विमा असेल आणि कंपनीने त्याला पैसे दिले, तर कंपनी मालकाच्या जागी उभी राहून ज्याच्या चुकीने आग लागली त्याच्याकडे वसुली मागू शकते. ‘त्यांचा विमा आहे’ म्हणून भाडेकरू सुटत नाही. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. भाडेकरूला तीत फक्त आपल्या सामानाचा विमा घेता येतो. त्याच वेळी दुसऱ्याच्या नुकसानाची जबाबदारी कव्हर होईल असं काही जोडून मिळतं का, ते विचारा.

पूर, वादळ, दंगल, आग यांनी भाडेपट्ट्याच्या घराचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निकामी झाला, तर कलम १०८ च्या खंड ‘ई’नुसार भाडेपट्टा संपवायचा की नाही हे भाडेकरू ठरवू शकतो. नुकसान त्याच्याच चुकीने झालं असेल तर ही सवलत मिळत नाही.

पाचवी पायरी: झीज की नुकसान?

भांडणं इथेच होतात. कायद्याने झिजेची यादी दिलेली नाही, त्यामुळे स्वतःला एक प्रश्न विचारायचा: नीटनेटका माणूस एवढाच काळ इथे राहिला असता तरी हे झालं असतं का? हो असेल तर झीज.

उन्हाने विटलेला रंग, सोफ्यामागे भिंतीवर उमटलेली फिकट सावली, चालण्याच्या वाटेवर मळकट झालेली फरशी, क्षाराने पांढरे पडलेले शॉवर, सैल झालेली बिजागरी, पावसाळ्यात फुगून घासणारं दार: ही झीज. भिंतीवर मुलांच्या खडूच्या रेघा, फोडणीच्या तेलाने पिवळी झालेली आणि कधीच न पुसलेली टाइल, इस्त्रीने पोळलेला सनमायका, ओट्यावर खलबत्ता आपटून उडालेला टवका, मांजराने फाडलेली जाळी: हे नुकसान. देवघराची जागा काळवंडली असेल तर? रोज दिवा लावणं हा आपल्या घराचा साधा वापर आहे असं मी म्हणेन, पण छताला काजळीचा जाड थर असेल तर तेवढा पट्टा रंगवून द्यावा.

नुकसान ठरलं तरी भरपाई नव्या वस्तूची नसते. जी वस्तू गेली तिची त्या दिवशीची किंमत. समजा घर रंगवायला ३०,००० रुपये लागले आणि तसा रंग साधारण पाच वर्षं टिकतो. तुम्ही सोडताना रंग चार वर्षांचा झालेला असेल, तर मालकाचा एक वर्षाचाच रंग वाया गेला, म्हणजे ६,०००. एकाच खोलीच्या भिंती खराब असतील तर त्या खोलीपुरताच हिशेब. हे सूत्र कुठल्या कलमात लिहिलेलं नाही, पण ‘झालेल्या तोट्याची भरपाई’ या कलम ७३ च्या तत्त्वाला धरून आहे आणि कागदावर मांडलं की बहुतेक मालक ऐकतात. माझ्या बावीस हजारांत संपूर्ण नवा ओटा होता. जुना ओटा चौदा वर्षांचा होता, हे विचारायचंही मला तेव्हा सुचलं नाही.

सहावी पायरी: घर सोडताना

नोटीस दिली की सोडण्याच्या दोन-तीन आठवडे आधी मालकाला एकदा घर दाखवा. काय खटकतं ते तेव्हाच कळतं आणि आपल्या ओळखीच्या गवंड्याकडून, रंगाऱ्याकडून करून घेता येतं. मालकाने केलेल्या दुरुस्तीचं बिल नेहमी मोठं येतं. तुम्ही बसवलेल्या वस्तू, पंखे, पडद्याचे रॉड, गीझर, ताबा असेपर्यंत काढून घ्या आणि जागा होती तशी करा. आधीच्या वस्तू माळ्यावर ठेवल्या असतील तर त्या परत बसवा.

शेवटच्या दिवशी रिकाम्या घरात पुन्हा तोच व्हिडिओ, त्याच क्रमाने. मग दोघांनी मिळून पहिल्या दिवशीची यादी हातात घेऊन फेरी मारायची. काही कापायचं असेल तर प्रत्येक वस्तूपुढे रक्कम, कारण आणि बिल किंवा कोटेशन मागा. ‘एकूण २५,०००’ या ठोक आकड्याला ‘तपशील द्या, मग बोलू’ एवढंच उत्तर पुरे.

किल्ली आणि डिपॉझिट एकाच वेळी, हे वाक्य करारात नसेल तर इथे मोठी अडचण होते. ‘पैसे मिळेपर्यंत किल्ली देणार नाही’ म्हणून लोक घर अडवून बसतात. लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा धरून ठेवला, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. महिन्याचं शुल्क वीस हजार असेल, तर हा हट्ट महिन्याला चाळीस हजारांना पडतो. किल्ली द्या, पोच लिहून घ्या, ‘कपात मान्य नाही, हक्क राखून ताबा देत आहे’ असं त्यावर लिहा आणि पैशांसाठी वेगळं लढा.

सातवी पायरी: पटलं नाहीच, तर

आधी तारखा, रक्कम आणि फोटो जोडलेलं साधं पत्र, पंधरा दिवसांची मुदत देऊन. बऱ्याच गोष्टी इथेच मिटतात, कारण समोरच्याला पहिल्यांदा तुमच्याकडचा पुरावा दिसतो. मग वकिलाची नोटीस. त्यानंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून दावा दाखल करण्याआधीच लोक अदालतीत तडजोड मागता येते. तिथे झालेल्या समझोत्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, कामगार आणि ठरावीक उत्पन्नाखालील लोकांना १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार मोफत वकीलही मिळतो. दावाच लावायचा तर करार मोडल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, मालकालाही आणि तुम्हालाही. कुठल्या न्यायालयात जायचं ते दाव्याचं स्वरूप आणि गाव यांवर ठरतं. मुंबईत भाड्याचे आणि ताब्याचे वाद लघुवाद न्यायालयाकडे जातात. इथे वकिलाला विचाराच.

पोलिसांची धमकी ऐकून हात-पाय गाळू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये मालमत्तेच्या नासधुशीचा गुन्हा आहे, पण त्यासाठी नुकसान करण्याचा हेतू किंवा ते होणार याची जाणीव लागते. पाइप सुटला, काच निसटली, हे गुन्हे नव्हेत, दिवाणी वाद आहेत. रागाच्या भरात जाताना बेसिन फोडलं, वायरिंग ओढून काढलं, तर मात्र हे कलम लागतं. नुकसान २० हजारांच्या वर आणि लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत, लाख किंवा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्या बाजूने, नुकसान झालं म्हणून मालकाला पाणी किंवा वीज तोडता येत नाही. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ भाडेकरूला त्याविरुद्ध संरक्षण देतं.

मालकांना एवढंच सांगते: कोर्टात नुकसान सिद्ध करायची जबाबदारी आधी तुमच्यावर असते. पहिल्या दिवशीची यादी भाडेकरूने मागितली तर त्याला संशयी समजू नका, ती तुमच्याही कामाची आहे. वर्षातून एक-दोनदा आधी कळवून घर पाहून या. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २८ तुम्हाला तो हक्क देतं.

हिशेब मिटला की ‘अनामत पूर्ण मिळाली, दोघांचंही काही येणं नाही’ अशा दोन ओळींवर दोघांच्या सह्या घ्या. तो कागद, करार आणि दोन्ही व्हिडिओ किमान तीन वर्षं सांभाळून ठेवा. आताच्या घरात आलो त्या दिवसाचे माझ्याकडे एकशे बारा फोटो आहेत. त्यातले नऊ ओट्याचे.